सदाच्या पुस्तकात कोण कोण आहे

जिवंत माणसाचे किस्से जरा जपून सांगावे लागतात. तो समोर बसून ‘असं झालंच नव्हतं’ म्हणू शकतो. सदा खवणेकर आमच्याबरोबर तीस वर्षं लालबागच्या वाचनालयात बसला, आणि त्या तीस वर्षांत त्याचा सांगण्यासारखा एकही किस्सा झाला नाही. तो गेला, आम्ही त्याचं पुस्तक काढायला घेतलं, आणि दीड वर्षात एवढे किस्से जमले की आता वाचनालयात लोक मला थांबवून ‘परब, ते राक्षसाचं सांगा ना’ अशी फर्माईश करतात.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. मी परब. गिरगावातल्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं प्रूफं वाचली. मिलिंद जाधवचं परळला डीटीपीचं दुकान आहे. लॉरेन्स खोताच्या वाडीतला, पूर्वी सिनेमाची बॅनरं रंगवायचा. आणि चौथा सदा. सदा पाणी खात्यात चावीवाला होता. रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, एकेका गल्लीला पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं, हे त्याचं काम.

रात्री जेवणं झाली की वाचनालयात आम्ही तिघं गप्पा मारायचो आणि सदा पेपर वाचायचा. आम्ही म्हणायचो, “अरे, बोल की काहीतरी!” तो म्हणायचा, “तुम्ही बोलताय ना.” आणि पान उलटायचा.

* * *

सदाचं दिवसकार्य झाल्यावर चार दिवसांनी वहिनींनी मला आणि मिलिंदला घरी बोलावलं. पलंगाखालून त्यांनी पत्र्याची ट्रंक ओढली. आत अकरा लाँगबुकं होती, दहा पहिल्या पानापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत भरलेली, सगळ्यात वरचं अर्धवट.

“भावजी, हे ऑफिसचे कागद आहेत. परत नेऊन द्याल का? उद्या कोणी मागायला आलं तर मला काय कळणार!”

मिलिंदने वरचं लाँगबुक उघडलं. पहिली ओळ होती, ‘परळ एका कासवाच्या पाठीवर उभं होतं आणि कासवाला आता निवृत्त व्हायचं होतं.’

“वहिनी, हे ऑफिसचं नाहीये,” मिलिंद म्हणाला.

“असं कसं? सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी खिडकीत बसून लिहायचे. विचारलं की म्हणायचे, खात्याचं काम आहे.”

“पण पाणी सोडायचं काम घरी कसं आणणार, वहिनी?”

“तेच मी म्हणायचे! पण ऐकतील तर शपथ.”

आम्ही तिथेच बसून तासभर वाचलं. लालबागच्या रस्त्याखाली एक राज्य होतं. तिथला राजा रोज पहाटे एकेका चाळीला व्हॉल्व्ह फिरवून स्वप्नं सोडायचा, चाळीस मिनिटं. तळमजल्याला फुल फोर्सने यायची, वरच्या मजल्यावर दाब कमी. एका गोष्टीत उडता घोडा होता. एका गोष्टीत एक राक्षस चाळीत भाड्याने खोली घेतो आणि त्याला आधी सगळ्या शेजाऱ्यांची ना हरकत आणावी लागते. हे सगळं सदाने लिहिलं होतं, ज्याच्या तोंडून आम्ही ‘तुम्ही बोलताय ना’ पलीकडे काही ऐकलं नव्हतं!

वहिनी चहा घेऊन आल्या. “चांगलं आहे?”

“फार चांगलं आहे,” मी म्हणालो. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी दोनदाच उच्चारलंय, आणि पहिल्या वेळी लेखक समोर बसला होता.

“मग छापा,” वहिनी म्हणाल्या. “फक्त एक करा. ह्यात मी कुठे आहे तेवढं मला दाखवा. ते खिडकीत बसायचे, मी समोर ओट्यापाशी उभी. सत्तावीस वर्षं. म्हणजे कुठेतरी असेनच ना?”

“असणारच!” मिलिंद म्हणाला. वाचली होती त्याने तीस पानं.

पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा. पुस्तक किती खपतं, कोण काय बोलतं, ह्यातलं काहीच वहिनींना नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं.

* * *

ठरलं असं की लाँगबुकातला मजकूर आधी मी साफ करून द्यायचा, मग मिलिंद तो कॉम्प्युटरवर घेणार.

मिलिंद कट्टर हिशेबी डोक्याचा. भूतखेत त्याच्या घरात बापाच्या वेळेपासून बाद. अशा माणसाच्या हातात आम्ही उडते घोडे दिले होते. आठवड्यातच त्याचा फोन आला.

“परब, लफडा आहे. घोडा लालबागहून साडेपाचला उडतोय आणि दादरला पाचला उतरतोय.”

“अरे, अद्भुतकथा आहे ती.”

“अद्भुत असू दे. घड्याळ बरोबर पाहिजे की नको?”

“मिलिंद, घोड्याला पंख आहेत ते तुला चालतं?”

“पंख असू शकतात. अर्धा तास मागे कसा जाईल?”

आम्ही वीस मिनिटं भांडलो. शेवटी मी म्हटलं की तू आहे तसं टाइप कर, आपण नंतर बघू. त्याने फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा त्याचाच फोन. पण आता आवाज बसलेला.

“परब, मी पुढचं पान वाचलं.”

“मग?”

“घोड्यावर एक प्रवासी आहे. तो घोड्याला विचारतो, साडेपाचला निघून पाचला कसा पोचलास? घड्याळ बरोबर पाहिजे की नको?”

“आणि घोडा काय म्हणतो?”

“ते सोड. प्रवाशाचं नाव मिलिंद जाधव आहे.”

मीसुद्धा आहे त्या पुस्तकात. मी घुबड आहे. जास्त सांगत नाही.

त्या दिवसापासून मिलिंदने एकही शंका काढली नाही. एकदाच, स्वप्नांच्या गोष्टीचं टाइपिंग चालू असताना, त्याने मला दुकानात बोलावून घेतलं. त्याचं लहानपण परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गेलेलं. वडील गिरणीत. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी कधी चढायचंच नाही, खालून कळशा न्याव्या लागायच्या.

“हे बघ,” तो म्हणाला. “वरच्या मजल्यावरच्या पोरांना स्वप्नं पोचत नाहीत म्हणून ह्याने एक पंप बसवलाय. फक्त त्या पोरांसाठी. पंपाला नाव पण दिलंय. शेवटी त्याचं लग्नही लावलंय, चाळीच्या टाकीशी.”

मग त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाला, “पाच मिनिटं बस जरा.” आम्ही बसलो. मला फार बरं वाटत होतं आणि सदाचा रागही येत होता. तीस वर्षं शेजारी बसून हा माणूस पेपर वाचत होता!

* * *

मिलिंदनेच काढलं की पुस्तकात सदाच्या चाळीतल्या जिवंत माणसांची नावं आहेत, तर लेखी परवानगी घेऊन टाकू. मी फॉर्म बनवला. ‘सदर कथेत मला राक्षस दाखवण्यास माझी हरकत नाही.’ खाली सही, खोली नंबर.

सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे सावंत. गोष्टीत ते एका बैठकीत अख्खं रेशन दुकान खातात, वर पोती. सावंतांनी दारात उभं राहून गोष्टीची अठराच्या अठरा पानं वाचली. मिलिंद एक पाय जिन्यावर ठेवून उभा होता.

सावंतांनी चष्मा काढला. “हे चुकीचं आहे.”

“सावंत, आपण नाव बदलू...”

“नाव कशाला बदलता? राक्षस चौदा नंबरात दाखवलाय. मी सोळात राहतो. चौदात तावडे. उद्या लोकांना वाटेल तावडेच राक्षस!”

तक्रार रास्त होती. मी तिथल्या तिथे चौदाचं सोळा केलं, सावंतांनी सही केली, आम्ही खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तावडे माझ्या घरी परळला हजर. बसा म्हटलं तर बसेनात.

“आमच्या खोलीतून राक्षस का काढला?”

“तावडे, तो सावंतांचा राक्षस आहे.”

“असेल. पण राहत आमच्याकडे होता ना? सव्वीस वर्षांचा शेजार आमचा खवणेकरांशी. त्यांनी प्रेमाने दिलेला राक्षस आहे तो. तुम्ही कोण शिफ्ट करणारे?”

शेवटी सदाने लिहिलं तेच ठेवलं. राक्षस सावंत, पत्ता तावड्यांचा. आता दोघंही पाहुण्यांना पुस्तक दाखवतात.

ह्या सगळ्या धावपळीत वहिनी गॅलरीत उभ्या राहून ऐकत होत्या. सह्यांचे कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

“सावंत आहेत?”

“आहेत.”

“तावडे?”

“पत्त्यापुरते.”

“तुम्ही दोघं पण आहात म्हणे.”

“आहोत.”

“आणि तो खालचा पाण्याचा पंप?”

“पंप... आहे.”

“त्याचं लग्न पण लागलंय?”

“लागलंय, वहिनी.”

“बरं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. तोपर्यंत आम्ही नऊ लाँगबुकं वाचून काढली होती.

* * *

मुखपृष्ठ लॉरेन्सकडे. लॉरेन्सचा हात भारी, पण सवय बॅनरची. चाळीस फुटांचा हिरो काढण्यात हयात गेलेली. वहीच्या आकाराचा कागद दिल्यावर तो म्हणाला, “ह्यात फक्त नाक बसेल.”

“राक्षस काढायचाय लॉरेन्स, पूर्ण.”

“मग मॉडेल लाव. मी बघितल्याशिवाय काढत नाही. हिरोचा पण फोटो असायचा समोर.”

राक्षसाचं मॉडेल कुठून आणणार? पण सावंतांना कुठूनतरी कळलं. रविवारी सकाळी ते खोताच्या वाडीत लॉरेन्सच्या व्हरांड्यात हजर झाले, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, सोबत घरची खुर्ची. म्हणाले, “दुसऱ्याच्या खुर्चीत मला ताठ बसता येत नाही.”

तीन रविवार ते बसले. लॉरेन्स त्यांना सांगायचा, “सावंत, जरा भयंकर बघा ना.” सावंत भुवया वर करायचे. वाडीतून येणारे जाणारे थांबून विचारायचे, “काय, पासपोर्टला?”

तिसऱ्या रविवारी चित्र पुरं झालं. पाठीमागे चाळ, पुढे राक्षस, दोन शिंगं, सुळे, आणि खाली चौकटीचा इस्त्रीचा शर्ट. सावंतांनी ते लांबून बघितलं, जवळून बघितलं.

“झकास आहे. फक्त शिंगं थोडी लहान करता येतील?”

“का? राक्षस आहे ना?”

“हो, पण मुलीचं बघतोय सध्या. पुस्तक त्यांच्या घरी पण जाईल.”

लॉरेन्सने शिंगं अर्धी केली. नीट बघितलंत तर आता तो राक्षस थोडा बकरीसारखा दिसतो. पण मुलीचं जमलं.

* * *

प्रकाशक दादरचे. नाव सांगत नाही, चांगला माणूस आहे. फक्त त्यांच्या ऑफिसात नव्या लेखकासाठी एक छापील फॉर्म आहे आणि तो भरल्याशिवाय तिथे पान हलत नाही. तिथली एक तरुण मुलगी समोर बसून तो भरून घेते.

“लेखकाचा व्यवसाय?”

“चावीवाला.”

तिने ‘किल्ल्या बनवणे’ लिहिलं. मी खोडायला लावलं.

“पुरस्कार?”

“एकदा गळती शोधून काढली म्हणून साहेबांनी शाबासकी दिली होती.”

तिने ते लिहिलं. खरंच लिहिलं, आता मलपृष्ठावर छापलेलं आहे.

“फोटो?”

सदाचा एकच बरा फोटो होता, ड्युटीवरचा. खाकी कपडे, हातात साडेचार फुटी चावी, एक पाय उघड्या झाकणाशी. मुलीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “व्वा, कॉस्च्यूम पण केलाय!”

पंधरा दिवसांनी, नमुन्याला दिलेल्या गोष्टी वाचून, त्यांच्या संपादकांचं पत्र आलं, लेखकाच्या पत्त्यावर. पत्र फॉर्मवरूनच गेलं असणार, फॉर्ममध्ये ‘लेखक हयात आहेत का’ असा रकाना नव्हता. ‘आपली कासवाची कथा आवडली. तथापि शेवट थोडा आशादायी करावा, अशी विनंती.’ पत्र वहिनींना मिळालं. त्यांनी पोस्टकार्ड मागवून स्वतः उत्तर लिहिलं आणि टाकण्याआधी मला दाखवलं.

‘आपले पत्र पोचले. ह्यांना आता सांगून उपयोग नाही. आधीही नव्हता.’

संपादक स्वतः येऊन माफी मागून गेले. कासवाचा शेवट तसाच राहिला.

* * *

अकरावं लाँगबुक संपलं तेव्हा मी वहिनींकडे एकटाच गेलो. मिलिंद म्हणाला, मला ताप आहे. त्याला ताप नव्हता.

“झालं सगळं वाचून?”

“झालं.”

“नाही ना मी?”

तेवीस गोष्टी. राजे, राण्या, चेटकिणी, पोस्टमन, दोन मांजरं, एक पंप. सगळ्यांना नाव, सगळ्यांना खोली नंबर. वहिनी कुठेच नव्हत्या. मी राणी बघितली होती, ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची बायको निघाली.

“नाही, वहिनी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “कप द्या, विसळून ठेवते.” त्या दिवशीच्या चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायलो.

घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हरामखोरी करायची ठरवली. स्वप्नांच्या राजाला एक राणी देऊन टाकायची. वहिनींच्या नावाची, ओट्यापाशी उभी राहणारी. तीन ओळी फक्त. सदाच्या शैलीत लिहिल्याही. मिलिंदच्या दुकानात जाऊन म्हटलं, ह्या एवढ्या कुठेतरी बसव.

मिलिंदने कागद वाचला. “हे सदाचं नाही.”

“कोणाला कळणार?”

“पस्तीस वर्षं दुसऱ्याचा स्वल्पविराम हलवला नाहीस, असं छाती फुगवून सांगतोस. आता राणी घुसवतोस? आणि परब, वहिनींना कळणार. त्यांनाच कळणार.”

मी चिडून उठलो. म्हटलं, निदान कुठे बसते ते तरी बघू, लाँगबुक काढ. त्याने सातवं लाँगबुक माझ्यासमोर टाकलं. दोन महिन्यांनी मी ते उघडत होतो. आणि पहिल्याच पानावर मला माझ्या लाल पेन्सिलीच्या रेघा दिसल्या.

आता कबूल करतो. सदाच्या खात्यात एक डायरी असायची. व्हॉल्व्ह बंद केला की वेळ आणि कारण लिहायचं. पुन्हा उघडला की ‘चालू’. तीस वर्षांची सवय. घरी लिहायला बसल्यावरही, मधेच उठावं लागलं की हा बाबा लाँगबुकात तशीच नोंद करायचा. गोष्टीच्या मधोमध, वाक्य तोडून. मी मजकूर साफ करताना त्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या होत्या. मोजल्याही होत्या, चारशे बारा. काम चोख झालं म्हणून खूश होतो.

आता त्या नोंदी मी मिलिंदला मोठ्याने वाचून दाखवल्या.

‘राक्षसाने गदा उचलली आणि. बंद ६.१०. कारण, दूध उतू गेलं. चालू ६.२५. राजाच्या मुकुटावर हाणली.’

‘बंद ५.५०. कारण, कोथिंबीर.’

‘बंद ६.३०. कारण, कपाटावरचा डबा तिच्या हाताला लागत नाही. चालू ६.३२.’

‘बंद ६.०५. कारण, ती रागावली. चालू, दुसऱ्या दिवशी.’

‘बंद ७.००. कारण, ती आपल्याशीच हसली. कशाला ते विचारायला उठलो. चालू ७.२०. सांगितलं नाही.’

आणि सगळ्यात जास्त वेळा, पानापानावर, एकच. ‘बंद. कारण, हाक.’ ‘बंद. कारण, हाक.’

मिलिंदने लाँगबुक माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाला, “भडव्या, तू वहिनींना चारशे बारा वेळा खोडलंस.”

सगळ्या नोंदी आम्ही जशाच्या तशा परत घातल्या. अकरा दिवस लागले. प्रकाशक हादरले, छपाईला जायला तयार झालेलं पुस्तक होतं ते! “अहो, ऐन युद्धात कोथिंबीर? मधेच बंद, मधेच चालू, वाचकाला हे झेपेल का?”

“मुंबईचा वाचक आहे साहेब,” मिलिंद म्हणाला. “बंद-चालूची त्याला सवय आहे.”

* * *

नवी प्रूफं घेऊन आम्ही दोघं वहिनींकडे गेलो. मी काय केलं होतं ते आधीच सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आणा इकडे.” चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून एकेक नोंद तपासायला बसल्या.

“दूध उतू गेलं. बरोबर.” टिक.

“कपाटावरचा डबा. बरोबर. अजून तिथेच आहे.” टिक.

“कोथिंबीर... नाही, त्या दिवशी मेथी होती. असू दे, त्यांना कुठे ओळखता येत होती.” टिक.

“मी रागावले. हो, हे चांगलंच आठवतंय.” ह्यावर जरा जाड टिक.

‘ती आपल्याशीच हसली’ तिथे त्या थांबल्या. मिलिंदने विचारलं, “कशाला हसला होतात, वहिनी?”

“त्यांना नाही सांगितलं, तर तुम्हाला सांगू?” त्या म्हणाल्या आणि टिक केली.

संध्याकाळ झाली तरी त्या तपासतच होत्या. आम्ही तीनदा चहा घेतला, तो मिलिंदने केला, कारण त्या उठायला तयार नव्हत्या. वहिनींचा चेहरा मी पंचवीस वर्षं ओळखतो. असा कधी बघितला नव्हता. हाकेची नोंद आली की त्या नुसतं “मी” म्हणायच्या आणि पुढे जायच्या. मी. मी. मी.

मग शेवटची गोष्ट आली. ती अर्धीच आहे. कासव अर्ज घेऊन समुद्राकडे निघतं आणि तिथे नोंद आहे, ‘बंद ५.४०. कारण, हाक.’ त्यापुढे ‘चालू’ नाही. त्याच संध्याकाळी सदा खिडकीत बसल्या जागी गेला होता, लाँगबुक मांडीवर उघडं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. ही ओळ ठेवायची की नाही ह्यावर मी आणि मिलिंद दोन दिवस भांडलो होतो. बाईने नवऱ्याला हाक मारली आणि तो उठलाच नाही, हे तिला पुस्तकात वाचायला द्यायचं कसं? पण आता काही खोडायचं नाही असं ठरलं होतं.

वहिनींनी ती ओळ वाचली. पेन्सिल खाली ठेवली.

“ही मी नाही.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी मी घरात नव्हतेच. माटुंग्याला बहिणीकडे गेले होते. तीनला निघाले, आले तेव्हा सात वाजले होते. मी कशी हाक मारीन?”

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मग सावकाश म्हणाला, “शेजारून कोणी मारली असेल. तावड्यांनी वगैरे.”

“शेजाऱ्यांनी मारली तर ते नाव लिहायचे. इथे मागे बघा, कारण तावडे, कारण सावंत, सगळं आहे. नुसती हाक म्हणजे माझी.”

माझ्या खिशात पेन्सिल होती, ती मी बाहेर काढली.

“वहिनी, ही एक ओळ काढू का?”

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. ओळीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं. वहिनी इतकी वर्षं आमच्याशी नीट मुंबईचं मराठी बोलत आल्या. त्या दिवशी मात्र मालवणीत म्हणाल्या,

“तेंका माझीच वाटली ना? मग ऱ्हवांदे.”